शेवटच्या पाळीनंतर एक तास

खुर्ची गरम होती. पहिलाच दिवस, बसल्याबरोबर ते कळलं आणि मी अर्धी उठलेच. ओळख ना पाळख, आणि कुणाच्या तरी अंगाची ऊब अशी आयती आपल्याला लागावी, मला कसंसंच झालं. मागून लगेच 'बस, बस' असा दबका आवाज आला. तो खुर्चीबाईंचा. त्यांनी सुरुवातीला आपलं नाव सांगितलं होतं, पण आमच्यातल्या कुणीतरी त्यांना खुर्चीबाई केलं ते कायमचं. पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाच्या त्या अवाढव्य सभागृहात एकही खुर्ची कॅमेऱ्याला रिकामी दिसता कामा नये, एवढंच त्यांचं काम. प्रतिनिधी झाले तरी माणसंच ती. त्यांना चहा लागतो, सिगरेट लागते, कुणाला तरी कोपऱ्यात घेऊन कुजबुजायचं असतं. एखादा उठला की आमच्यापैकी एकाने पटकन जाऊन त्याची जागा धरायची, तो परत आला की मुकाट उठायचं. गळ्यात त्याच्यासारखीच फीत, हातात तसाच कागदी झेंडा. टाळ्या पडल्या की टाळ्या वाजवायच्या, हात वर झाले की आपलेही वर. तुम्ही कुणाच्या मोजणीत नाही, खुर्चीबाई म्हणाल्या होत्या, पण हात खाली राहिले तर पडद्यावर भोक पडल्यासारखं दिसतं.

आम्ही म्हणजे राज्यशास्त्राचे विद्यार्थी, निरनिराळ्या कॉलेजांतून निवडून आणलेले. अधिवेशनांच्या हंगामात दरवेळी असा अभ्यासवर्ग भरतो. सकाळी वर्गात व्याख्यानं आणि दुपारी अधिवेशनात काम, ज्याला आमचे सर 'प्रत्यक्ष अनुभव' म्हणतात. पुढच्या महिन्यात दुसऱ्या पक्षाचं अधिवेशन, दुसऱ्या शहरात, तिथे दुसरी तुकडी. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी मुलगी खरं तर त्या दुसऱ्या पक्षाच्या घरातली. इथे टाळ्या वाजवाव्या लागतात म्हणून ती रोज संध्याकाळी खोलीवर आल्याआल्या साबण लावून हात धुते, आणि मग आम्ही दोघी हसत सुटतो. मी कुठल्याच पक्षाची नाही. आमच्या घरात पक्ष इतका होता की माझ्या वाटणीचा कंटाळा मला लहानपणीच येऊन गेला. मी राजकारण शिकते, करत नाही, असं मी बाबांना ऐकवते. ते म्हणतात, बरं, शिक. वाद घालण्याइतका श्वास आता त्यांच्याकडे नाही, आणि हे माझ्या लक्षात यायला उशीरच झाला. मला आपलं वाटत होतं, मीच जिंकते आहे.

बाबा सिमेंटच्या कारखान्यात होते. आमच्या गावात सगळ्यावर एक करडी पूड असायची, झाडांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, बाबांच्या भुवयांवर. तीच शेवटी त्यांच्या छातीत जाऊन बसली. पक्षाची शाखा आमच्या पुढच्या खोलीत भरायची. खोली केवढीशी, माणसं दहाबारा, खुर्च्या चार. बाकीच्या आई शेजारपाजारून मागून आणायची, आणि परत करताना दरवेळी एखादी चुकीच्या घरी जायची. तुमचं राज्य येईल तेव्हा येवो, आई म्हणायची, आधी मला सहा खुर्च्या घेऊन द्या. सगळे हसायचे. मी दाराच्या उंबऱ्यात बसून बघायची. अध्यक्ष म्हणून बाबा उभे राहायचे आणि त्यांचा आवाजच बदलायचा, कडक इस्त्री केल्यासारखा व्हायचा. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत. मग खोलीतले सगळे हात वर जायचे, कुणाची बाही फाटलेली, कुणाचं बोट बांधलेलं. एवढ्याशा खोलीत, जिथे कुणी कुणाला नाही म्हणणारच नव्हतं, तिथे हात कशाला वर करायचे, ते मला कधी समजलं नाही. बोलून टाकायचं ना. पण बाबा प्रत्येक हाताकडे नीट बघायचे आणि मगच मंजूर म्हणायचे.

आणि तो उजेड. सभागृहाला खिडकी नाही एकही, त्यामुळे दुपार आहे की संध्याकाळ ते कळत नाही, वरून सारखा पांढरा उजेड सांडत असतो आणि सगळ्यांचे चेहरे जरा दूध ओतल्यासारखे दिसतात. भाषणं चालू असतात. शब्द लांबून येतात, आंघोळ करताना डोकं पाण्यात बुडवलं की बाहेरचं बोलणं येतं तसे. मी एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत जाते. एकीला गुलाबाच्या अत्तराचा वास, एकीवर खोकल्याच्या गोळीचा कागद, एकीच्या पाठीवर कोट टाकलेला, त्याला टेकले की कुणीतरी मागून खांदे धरल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी ओकारी येईलसं झालं होतं. मग सवय झाली. मग तर मला ते आवडायलाच लागलं, हे सांगायला थोडी लाज वाटते. अर्धा तास मी कुणी जिल्हाध्यक्षीण, अर्धा तास बंदराकडचा कुणी जाडजूड पुढारी. आपण कुणीच नसलो की किती हलकं वाटतं. एकदा तर डोळा लागला आणि जागी झाले तेव्हा मी टाळ्या वाजवत होते. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

तर बाबांचं एक वाक्य होतं. त्या वाक्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता, आणि ते मी खोलीतल्या मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं. पक्षाचा जाहीरनामा अधिवेशनात मंजूर होतो. त्याला शाखा दुरुस्त्या सुचवू शकतात. शाखेने मंजूर केली की ती जिल्ह्याला जाते, जिल्ह्याने केली की अधिवेशनात येते, आणि अधिवेशनात ती वाचून दाखवतात आणि मताला टाकतात. इतकी वर्षं बाबा दुसऱ्यांच्या दुरुस्त्या पुढे पाठवत आले. स्वतःची ही पहिलीच. शिक्षणाच्या प्रकरणात एक वाक्य घालावं: सार्वजनिक वाचनालये त्या त्या गावातील शेवटची पाळी सुटल्यानंतर निदान एक तास उघडी राहावीत. बस, एवढंच. शाखेत झालं, आणि काय नवल, जिल्ह्यातही झालं. डॉक्टर आम्हाला स्पष्ट काही सांगत नाहीत, पण फोनवर आई आवाज खाली आणून बोलते त्यावरून मी काय ते ओळखते. अधिवेशन दर चार वर्षांनी भरतं. बाबांना प्रवास झेपणार नव्हता, तेव्हा वाक्य एकटंच आलं. आणि मी आले, पण मी काही वाक्याबरोबर आले नव्हते, मी अभ्यासवर्गाला आले होते.

त्या वाक्याचं मूळ मला ठाऊक आहे. लहानपणी बाबांची पाळी सुटायच्या वेळी आई मला फाटकाशी घेऊन जायची. घरी परतताना वाटेत वाचनालय लागायचं, आणि ते नेमकं तेव्हा बंद झालेलं असायचं. आत एकच दिवा ठेवलेला. बाबा मला खांद्यावर घेऊन काचेशी उभे राहायचे आणि आम्ही आतल्या पुस्तकांच्या पाठी वाचायचो. मी अक्षरं लावायची, ते नाव पुरं करायचे. माझ्या श्वासाने काच धुरकट व्हायची, मग ते बाहीने पुसायचे, आणि बाहीच्या सिमेंटने ती आणखी मळायची. आई म्हणायची, चला आता, काचेतून किती वाचणार. मला वाटायचं, पुस्तकं अशीच वाचायची असतात, बाहेरून, पाठीवरून. शाळेत पहिल्यांदा एक पुस्तक हातात दिलं तेव्हा ते उघडतं याचंच मला आश्चर्य वाटलं. बाबांनी आयुष्यात किती पुस्तकं वाचली कोण जाणे. नावं मात्र त्यांना खंडीभर येतात.

परवा सकाळी आमच्या वर्गात पक्षाचे एक सरचिटणीस आले होते. गोड माणूस, बोलताना समोरच्याच्या कोपराला हात लावायची सवय. मी प्रश्न विचारायला उभी राहिले. शाखांकडून आलेल्या दुरुस्त्या अधिवेशनात वाचल्या जातात का, असं विचारलं. जणू काही अभ्यासाचाच प्रश्न. ते म्हणाले, का नाही, त्याशिवाय पक्ष कसला, शिक्षणाचं प्रकरण परवा दुपारी आहे, बसून ऐका. मी संध्याकाळी घरी फोन केला आणि सांगून टाकलं, परवा दुपारी वाचणार आहेत, खुद्द सरचिटणीस म्हणाले. पलीकडून बाबांचा नुसता तो श्वास आला, बारीक शिट्टीसारखा. मग आई फोनवर आली आणि म्हणाली, काय सांगितलंस गं, हे आरशात बघतायत. आज दुपारी तिने पुन्हा फोन केला. शाखेतले सगळे टीव्हीसमोर येऊन बसलेत, खुर्च्या कमी पडल्यात, आणि ह्यांनी दाढी केली आहे, म्हणाली. दाढी करायची म्हणजे आता त्यांना मध्ये दोनदा बसावं लागतं. मला एकदम भीती वाटली. आपण हे काय करून बसलो, असं वाटलं.

सरांनी कालच्याच व्याख्यानात सभेच्या कामकाजाच्या पद्धती शिकवल्या होत्या. दुरुस्त्या फार झाल्या की अध्यक्ष त्या एकेक करून घेत नाहीत. 'वाचल्या आहेत असे समजून' त्या सगळ्या एकत्र मताला टाकतात. मी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली. शेवटी सरांनी तोंडी प्रश्न विचारले तेव्हा हे मीच बरोबर सांगितलं, वर उदाहरणही दिलं. सर खूश झाले. आणि माझ्या डोक्यात क्षणभरही आलं नाही, की आपल्या बाबांचं वाक्य आणि ही पद्धत एकाच जगात राहतात. शिकलेलं एका कप्प्यात, घर एका कप्प्यात. मधे भिंत. असं कसं होतं माणसाचं, मला खरंच कळत नाही.

तर आज दुपारी शिक्षणाचं प्रकरण निघालं तेव्हा मी मधल्या रांगेतल्या अशाच एका गरम खुर्चीत होते. शेजारी हिरव्या फेट्यासारखा रुमाल डोक्याला गुंडाळलेल्या एक बाई विणकाम करत होत्या. अध्यक्ष व्यासपीठावर फार लहान दिसत होते आणि त्यांच्यामागच्या पडद्यावर फार मोठे. पहिली दुरुस्ती वाचली, चर्चा झाली, हात वर, पडली. दुसरी वाचली. तिसरीवर कुणीतरी बराच वेळ बोललं. मी मनातल्या मनात बाबांचं वाक्य म्हणत होते, अध्यक्षांच्या आवाजात म्हणून बघत होते, कसं वाटेल ते. शेवटची पाळी म्हणताना ते अडखळतील का? त्यांना पाळी म्हणजे काय ते माहीत असेल का? आणि मग तो पांढरा उजेड, सुयांचा बारीक आवाज, कितीतरी माणसांची एकत्र कुजबूज, या सगळ्याचा एक गोधडीसारखा थर माझ्यावर येत गेला. मी वाचनालयाच्या काचेशी होते. आत अध्यक्ष पुस्तकांच्या पाठी वाचत होते, एकेक, सावकाश, आणि आता आमचं पुस्तक येणार होतं, ते कपाटात तिसऱ्या फळीवर होतं, मला दिसत होतं. मी बाबांना खांद्यावरून सांगत होते, आता आपलं, आता आपलं.

"वेळेअभावी या प्रकरणावरच्या उरलेल्या सर्व दुरुस्त्या वाचल्या आहेत असे समजून एकत्रितपणे फेटाळण्यात याव्यात," अध्यक्ष म्हणाले. "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

सगळ्या सभागृहाचे हात वर गेले. अंगावरून वारा गेल्यासारखं झालं. विणकामवाल्या बाईंनी सुईसकट हात वर केला. अध्यक्षांनी समोर नुसती नजर फिरवली, बहुमत, म्हणाले, आणि पुढचं प्रकरण घेतलं. त्या मोठ्या पडद्यावर क्षणभर आमची रांग दिसली. त्या रांगेत एक मुलगी होती, तोंड जरा उघडं, डोळे झोपाळलेले, आणि तिचा उजवा हात सगळ्यांत उंच, कोपरात न वाकलेला, शाळेत उत्तर येत असलं की करतात तसा. ती मी आहे हे मला हात खाली घेताना कळलं.

मग काय केलं ते नीट आठवत नाही. खुर्चीचा मालक आला असावा, कारण मी उठले. खुर्चीबाईंनी तिकडे डावीकडे तीन रिकाम्या आहेत म्हणून खूण केली आणि मी उजवीकडे चालत गेले, दारातून बाहेर, त्या लांबलचक व्हरांड्यात, जिथे भिंतीला पाण्याची पिंपं लावली होती आणि माणसं पेल्यांनी पाणी पीत उभी होती. हात अजून माझाच आहे का, म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. संताप आला होता. अध्यक्षांचा, सरचिटणिसांच्या त्या गोड बोटांचा, सरांच्या व्याख्यानाचा, पण खरा राग ज्याचा होता त्याला मी मनगटाशी धरून उभी होते. बाबांच्या एका वाक्यावर आज पाणी पडलं, आणि ते टाकणाऱ्यांत मी होते, सगळ्यांच्या देखत, दाढी करून बसलेल्या बाबांच्या देखत. फोन करायचा नाही, असं मी ठरवलं. आजारी पडले म्हणून सांगायचं. गर्दीत फोन हरवला म्हणून सांगायचं. एवढ्यात तो वाजलाच.

बाबा होते. पाठीमागे पुढच्या खोलीचा आवाज येत होता, खुर्च्या सरकण्याचा, कुणाच्या तरी खाकरण्याचा. दिसलीस, ते म्हणाले, सगळ्यांनी पाहिलं, चेहरा उतरलाय तुझा, नीट जेवत नाहीस. मला रडू फुटलं. पाण्याच्या पिंपाकडे तोंड करून मी म्हटलं, "बाबा, मी हात वर केला. तुमचं वाक्य होतं त्यात. मला कळलंच नाही."

पलीकडे ती शिट्टी वाढली. मला वाटलं, आता आई फोन घेईल.

"अगं, इथेही," ते म्हणाले. "अध्यक्षांनी म्हटलं, आणि इथे सगळ्यांचे हात वर. शाखेतल्या एकूण एकाचे. माझासुद्धा." मग ते हसले, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला संपेपर्यंत मी फोन तसाच धरून होते. "तुझी आई दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, अहो, हे काय करताय, तेव्हा कळलं. इतक्या वर्षांची सवय. वर जाताना काही वाटलं नाही गं. खाली घेताना मात्र जड गेला."

ती सगळी माणसं मला दिसत होती, मागून आणलेल्या खुर्च्यांवर, टीव्हीच्या निळ्या उजेडात, हात वर केलेली, आपल्याच वाक्याच्या विरुद्ध, किती शिस्तीत. त्यांच्यावर रागवावं की त्यांना पोटाशी धरावं. बाबा बोलायला लागले. लांब झालं असेल ते वाक्य, म्हणाले, 'त्या त्या गावातील' काढलं तरी चालेल, पुढच्या अधिवेशनाला आखूड करून पाठवू, आखूड असलं तर वाचतात. एवढं बोलायला त्यांना कितीदा थांबावं लागलं. पुढचं अधिवेशन चार वर्षांनी. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"आखूड नाही करायचं," मी म्हटलं. "एक शब्द काढायचा नाही. आहे तसंच पाठवा. मी घेऊन येते."

"तू? तू तर पक्षाची नाहीस."

"शाखेने घेतलं तर होते."

त्यांनी यावर माझी काही थट्टा केली नाही. मला वाटलं होतं करतील, इतकी वर्षं मी त्यांना कमी छळलं आहे का. त्यांनी फोन बहुतेक छातीशी धरला, कारण ती शिट्टी एकदम मोठी ऐकू यायला लागली. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. ते उभे राहत होते. आई म्हणाली, अहो, बसून बोला की. ते बसले नाहीत. शाखेपुढे एक दुरुस्ती आहे, मी त्यांचा आवाज ऐकला, तोच, इस्त्री केलेला, फक्त आता जागोजाग चुरगळलेला. ती पुढच्या अधिवेशनाला न्यायची आहे, आणि ती माझी मुलगी नेणार आहे, दोन्ही एकदम मताला टाकतो. आधी वाचून दाखवतो.

आणि त्यांनी वाचलं. सार्वजनिक वाचनालये, म्हणाले, आणि थांबले. त्या त्या गावातील शेवटची पाळी सुटल्यानंतर, आणि फार वेळ थांबले. मी ओठ घट्ट मिटून घेतले, कारण पुढचे शब्द माझ्या तोंडात येऊन बसले होते आणि ते त्यांनीच म्हणायला हवे होते. निदान एक तास उघडी राहावीत, बाबा म्हणाले. माझ्यामागे सभागृहाचं दार उघडलं, टाळ्यांचा एक लोट बाहेर आला आणि दार बंद झालं.

"अनुकूल असतील," बाबा म्हणाले, "त्यांनी हात वर करावेत."

मग तिकडे सगळं शांत झालं. हात वर करताना आवाज होत नाही. मी फोन कानाशी दाबून धरला आणि वाट पाहत उभी राहिले.